काढून टाका म्हणाले तो सन व्हायझर

मित्रांनो, शाळेत आत्मवृत्त लिहायला सांगितलं की तुमच्या वह्यांमधून नदी बोलते, फाटकी छत्री रडते आणि वडाचं झाड उसासे टाकतं. माझी आठवण आजवर एकालाही झालेली नाही. म्हणून आज मीच तोंड उघडतो आहे. मी एका जुन्या पांढऱ्या चारचाकीतला, चालकाच्या डोक्यावरचा सन व्हायझर आहे. डोळ्यांवर ऊन आलं की हात वर करून तुम्ही जी पट्टी खाली ओढता, ती मी. आमच्या लातूर-नांदेडकडे मला कुणी झडप म्हणतं, कुणी पट्टी म्हणतं, आणि बरेच जण नुसतं 'ते वरचं' म्हणून मोकळे होतात. म्हणू देत. पण एक आधीच सांगतो, मी उसासे टाकायला आलेलो नाही. मला भांडायचं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आत पुठ्ठा, त्यावर फोम, त्यावर राखाडी कापड आणि वरच्या कडेला लोखंडी दांडी, एवढाच माझा संसार. पण माझ्या पोटात एक स्प्रिंगचा चिमटा आहे, तो तुम्हांला दिसत नाही. तो दांडीला आवळून धरतो, म्हणून तुम्ही मला जिथे थांबवाल तिथे मी थांबतो. अर्ध्यावर थांबवा, अर्ध्यावर थांबेन. माझी सगळी अब्रू त्या चिमट्यात आहे.

माझ्याबरोबर माझा जुळा भाऊ जन्मला. तो डाव्या सीटवरचा. त्याच्या अंगावर आरसा बसवला आणि माझ्या अंगावर कागद खोचायला एक रबरी पट्टा. आरसा बाईला लागणार आणि बाई डावीकडेच बसणार, हे कुणीतरी खुर्चीत बसून परस्पर ठरवून टाकलं होतं. मला तेव्हाच राग आला होता. पण कारखान्यात आम्हांला कोण विचारतो?

आमची गाडी पहिल्यांदा घेतली ती लातूरच्या गुरुपादप्पांनी. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांची आडत होती. माणूस सहा फुटी आणि दिलदार. गाडी दारात आली त्या दिवशी त्यांनी तीन बोटं विभूतीत बुडवून माझ्या कापडावर पट्टे ओढले. मी म्हटलं, वा, सुरुवात तर मानाची झाली! दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्या पट्ट्यात पुड्या खोचायला सुरुवात केली. आडतीची रीतच तशी असते. पोत्यातून मूठभर माल काढायचा, कागदात बांधायचा आणि डाळमिलवाल्याला तो नमुना दाखवून सौदा ठरवायचा. तूर, हरभरा, उडीद, सोयाबीन, सगळ्यांच्या पुड्या माझ्या छातीवर.

"संगमेश्वरा, माझं अर्धं दुकान ह्या झडपंत हाय बघ," असं ते आपल्या लेकाला कौतुकानं सांगायचे.

कौतुक कुणाला आवडत नाही? मीही फुगलो. पण मित्रांनो, ऊन अडवायला मला अप्पांनी कधीच खाली घेतलं नाही. ते एवढे उंच की गाडीचं छप्परच त्यांच्या डोळ्यांवर सावली धरायचं. मला खाली पाडायचे ते पुडीसाठी. एक चापट मारून खाली, पुडी काढली की दुसरी चापट मारून वर. एवढी वर्षं चापट्या खाऊन माझी कडेची शिवण उसवली. एकदा तुरीची पुडी फुटली आणि दाणे त्या उसवल्या जागेतून घरंगळत आत गेले ते नेमके चिमट्याच्या जबड्यात अडकले. पावसाळ्यात ओल धरून ते फुगले. मग प्रत्येक चापटीबरोबर जबडा थोडा थोडा फाकत गेला. दांडीवरची माझी पकड सुटली, आणि बाहेरून कुणाला कळलंसुद्धा नाही. घडी घालून वर ठेवलं की मी गुणी दिसायचो.

पुढे गुरुपादप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि आम्ही लोह्याला आलो. नवे मालक साहेबराव आणि पंचशीला. साहेबराव तिथे वीज मंडळात लाइनमन, तेही चांगले उंचपुरे. पंचशीलाबाई नांदेडच्या एका सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर बसायच्या. साहेबरावांच्या आई, महामायाबाई, घरात सगळ्यांत मोठ्या. गाडी आली तेव्हा त्यांनी अंगणात उभं राहून त्रिशरण-पंचशील म्हटलं, आरशाला छोटा पंचरंगी ध्वज बांधला आणि ओल्या फडक्यानं माझ्यावरचे विभूतीचे पट्टे पुसून काढले.

"राहू द्या की आत्या, जुना डाग हाय नुसता," पंचशीलाबाई म्हणाल्या.

"आपल्यात नसतंय बाई हे. आन् धूळ बी लई हाय," असं म्हणून त्यांनी मला पार लख्ख केलं. मला वाईट वाटलं नाही. लातूरला मान मिळाला होता, लोह्याला आंघोळ मिळाली.

साहेबरावांनी गाडी घेतली ती सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना फिरवायला. पंचशीलाबाईंच्या मनात वेगळंच होतं. इतकी वर्षं त्या यष्टीनं जायच्या, उभ्यानं जायच्या, उभ्यानं यायच्या. त्यांनी नांदेडला क्लास लावला, चाळिशी उलटल्यावर गाडी शिकल्या, लायसन काढलं आणि एका सोमवारी सीटवर कापसाची उशी ठेवून सरळ चालकाच्या जागेवर बसल्या. उशी अशासाठी की बाई अंगानं ठेंगण्या. गल्लीत बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. एक जण तर मोठ्यानं म्हणाली, "माय! पंचशीला गाडी चालवून राहिली!" मला त्या दिवशी इतका आनंद झाला की सांगता सोय नाही.

आता जरा भूगोल ऐका. लोह्याहून नांदेडला सकाळी ईशान्येकडे जायचं आणि संध्याकाळी नैर्ऋत्येकडे परत यायचं. हिवाळ्यात सकाळचं ऊन उजव्या खिडकीतून कानशिलावर येतं आणि संध्याकाळी सूर्य थेट समोर येऊन बसतो. म्हणजे जाताना ऊन आणि येतानाही ऊन. उंच माणसाला छप्पर वाचवतं. ठेंगण्या माणसाला वाचवायला माझ्याशिवाय कुणी नाही. पंचशीलाबाईंनी मला पहिल्यांदा दोन बोटांनी अलगद खाली घेतलं आणि बरोबर भुवईसमोर थांबवलं. ज्या कामासाठी मी जन्मलो, ते मला तेव्हा पहिल्यांदा मिळालं. मी सगळा जीव लावून थांबलो. पण नुसत्या जीव लावण्यानं चिमटा घट्ट होत नाही, मित्रांनो.

दिवाळी होऊन गेली होती. संध्याकाळची वेळ, आम्ही सोनखेडजवळ आलो. समोर सूर्य असा टेकलेला की रस्ता पांढरा दिसत होता. बाईंनी मला खाली घेतलं. पुढे स्पीडब्रेकर होता. त्यांनी वेग कमी केला होता, सगळं नियमानं केलं होतं. पुढचं चाक ब्रेकरवरून उतरलं, हादरा बसला आणि माझी पकड सुटली. मी धाडकन खाली आलो, पार त्यांच्या नाकासमोर. त्यांना पुढचं काही दिसेना. त्यांनी एका हातानं मला बाजूला ढकललं, ब्रेक दाबला, तेवढ्यात गाडी रस्ता सोडून खाली उतरली आणि मैलाच्या दगडाला घासून थांबली. दिवा फुटला. कुणाला खरचटलंही नाही. पण रस्त्याकडेला सोयाबीन वाळत घातलेली माणसं धावत आली आणि त्यातला एक जण गाडीत डोकावून म्हणाला, "बाई हाय व्हय? तरीच."

'तरीच' म्हणजे काय हो? त्या एका शब्दाचा मला जेवढा राग आला, तेवढा अप्पांच्या हजार चापट्यांचाही आला नव्हता.

फोन गेला तसे साहेबराव मोटारसायकलवर तडक आले. घाबरले होते, चेहरा उतरला होता. बायकोला धडधाकट बघून आधी त्यांचे डोळे भरले आणि मग त्यांचा आवाज चढला.

"झडप पडली हो डोळ्यापुढं," पंचशीलाबाई सांगत होत्या. "दिसलंच न्हाई मला काही."

"झडपंनं कुठं गाडी खाली जाती का?" साहेबरावांनी मला खाली घेतलं, अर्ध्यावर थांबवलं. गाडी उभी होती, हादरा नव्हता, मी थांबलो. त्यांनी वर ढकललं, मी वर गेलो. "बग. चांगली तर हाय."

मित्रांनो, त्या वेळी माझ्या अंगाची लाही लाही झाली. ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो, चालत्या गाडीत बघा, ब्रेकरवर बघा! पण आम्हां वस्तूंना जीभ नसते. आणि जिला जीभ होती, तिचं ऐकायला तिथे कुणी तयार नव्हतं. साहेबराव गाडी चालवत घरी आले, किल्ली खिशात घातली आणि म्हणाले, "बस झालं. उद्यापासून यष्टीनं जात जा. गाडी मी चालवीन सुट्टीला. तुला काई झालं तर आमी काय करायचं?"

माणूस वाईट नव्हता. भ्याला होता. पण भ्यालेल्या माणसाच्या हुकमालाही हुकूमच म्हणतात. पंचशीलाबाई आठवडाभर पुन्हा यष्टीत उभ्या राहिल्या. दारातून जाता-येता त्या गाडीकडे बघायच्या सुद्धा नाहीत. मी आत टांगलेला, मला सगळं दिसायचं.

रविवारी साहेबरावांनी गाडी दिवा बसवायला ईश्वरप्पांच्या गॅरेजला नेली. पंचशीलाबाई हट्टानं बरोबर गेल्या. त्यांनी ईश्वरप्पांना माझ्याकडे बघायला लावलं. ईश्वरप्पांनी मला हलवून पाहिलं.

"ढिली हाय खरी," ते म्हणाले. "पन लई जुनं मॉडेल हाय, ताई. ह्याचा पार्ट आता भेटत न्हाई. भंगारात मिळाला तर मिळाला. काढून टाका म्हनतो मी. काच तेवढीच मोकळी."

"टाका काढून," साहेबराव म्हणाले. "मला तर कदी लागतच न्हाई ती."

बघा, दोन वाक्यांत माझा निकाल लागला. ईश्वरप्पांनी स्क्रू सोडवले आणि मला कोपऱ्यातल्या फुटक्या आरशांच्या ढिगाऱ्यावर टाकलं. त्या ढिगाऱ्यावर पडल्या पडल्या मी एवढंच म्हणत होतो की मी मोडलेलो नाही. मला उघडून तर बघा! मी गेलो की पंचशीलाबाईंचं चालकाच्या जागेवर बसणंही गेलं, हे मला कळत होतं. माझ्याशिवाय तो रस्ता त्यांना परवडणारच नव्हता.

पंचशीलाबाई ढिगाऱ्याजवळ आल्या आणि त्यांनी मला उचललं.

"टाकून कामून द्यायची? मी घरी नेते."

"काय करनार हायस घरी नेऊन?" साहेबराव हसले.

"बगते. तुमचं काई जातंय का?"

घरी पलंगावर वर्तमानपत्र अंथरून त्यांनी मला ठेवलं, ब्लेडनं माझी उरलेली शिवण उसवली आणि मला उलटं धरून झटकलं. टपटप दाणे पडले. बाजूला बसलेल्या महामायाबाईंनी एक दाणा उचलून डोळ्यांजवळ नेला. उभी हयात त्यांनी रानात कापणी-मळणी केलेली.

"तूर हाय की गं ही!" त्या म्हणाल्या. "ह्याच्या पोटात तूर कुणी पेरली?"

दोघी इतक्या हसल्या की मलाही गुदगुल्या झाल्या. मग पंचशीलाबाईंनी आत बोट घातलं आणि फाकलेला चिमटा त्यांच्या हाताला लागला. दांडी धरून त्यांनी मला हलवलं. मी सैल फिरलो. पुन्हा हलवलं. पुन्हा फिरलो. "आत्या," त्या हळूच म्हणाल्या, "माझं चुकलं नव्हतं बगा." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आठवडाभर लोकांचं ऐकून त्यांना स्वतःलाच शंका यायला लागली होती, हे मला त्या क्षणी समजलं.

मग त्यांनी नवऱ्याची पक्कड आणली आणि चिमट्याचा जबडा दाबून पुन्हा जवळ आणला. सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पातळ पट्टी कापून दांडीभोवती गुंडाळली. चिमटा तिच्यावर असा बसला की मला कारखान्यातले दिवस आठवले. राहिली शिवण. महामायाबाई म्हणाल्या, "आन इकडं." त्यांनी गोधडीचा दोरा दाभणात ओवला आणि माझ्या कडेनं गोधडीचा टाका घातला, लाल दोऱ्यानं, ठसठशीत. राखाडी अंगावर लाल टाके! कुणी हसेल तर हसो. असला टाका कुठल्याही कारखान्यातून आलेल्या व्हायझरला मिळालेला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबराव कामावरून आले तेव्हा मी गाडीत माझ्या जागेवर होतो. दारात उभ्या गाडीला कुलूप नसायचं, तेव्हा पंचशीलाबाईंनीच स्क्रू पिळून मला बसवलं होतं.

"एकदा सोबत बसा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "त्याच रस्त्यानं, त्याच टायमाला. पट्टी पडली तर परत किल्ली मागनार न्हाई मी."

साहेबराव काही बोलायच्या आत महामायाबाई आतून म्हणाल्या, "बस की लेका. दुसऱ्याच्या शेजारी बसल्यानं मानूस लहान व्हत न्हाई."

शनिवारी दोघं नांदेडहून निघाले. विष्णुपुरी मागे पडली. पंचशीलाबाई उशीवर ताठ बसलेल्या, साहेबराव डावीकडे, हात मांडीवर आवळून. सोनखेड जवळ येत होतं आणि सूर्य पुन्हा तसाच समोर टेकला होता. बाईंनी मला दोन बोटांनी खाली घेतलं. मी मनाशी म्हटलं, आता आभाळ कोसळलं तरी हलायचं नाही. आज हललो तर माझी नाही, हिची जागा जाईल.

ब्रेकर आला. पुढचं चाक चढलं, उतरलं. हादरा बसला. मागचं चाक चढलं, उतरलं. दुसरा हादरा बसला. मी होतो तिथेच होतो.

साहेबरावांनी मागे वळून ब्रेकरकडे पाहिलं. मग म्हणाले, "थांबव गाडी."

पंचशीलाबाईंनी इंडिकेटर दिला. त्यांनी गाडी कडेला घेतली.

"उतर. मला बसू दी तिथं."

त्या उतरल्या. रस्त्याकडेला पदर धरून उभ्या राहिल्या. मी तर हादरून गेलो. एवढं करूनही किल्ली जाणारच असेल, तर न्याय नावाची गोष्ट कुठे शिल्लक आहे?

साहेबराव चालकाच्या जागेवर बसले. त्यांनी उशी काढून बाजूला ठेवली. माझ्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे. ऊन त्यांच्या डोळ्यांवर येतच नव्हतं, ते उंच होते. मग ते सीटमध्ये खाली सरकले. आणखी सरकले. गुडघे स्टिअरिंगला लागले, तरी सरकले, त्यांचे डोळे पंचशीलाबाईंच्या डोळ्यांच्या उंचीवर येईपर्यंत. आणि त्यांनी हात वर करून मला बाजूला केलं. सगळा सूर्य त्यांच्या डोळ्यांत शिरला. त्यांनी डोळे मिटून घेतले. गालावरून पाणी आलं, ते उन्हानं की कशानं, मला ठाऊक नाही.

"रोज असंच दिसतंय तुला?" त्यांनी उघड्या दारातून विचारलं.

"रोजच," पंचशीलाबाई म्हणाल्या. "त्या दिवशी तेवढंबी दिसलं न्हाई."

साहेबरावांनी डोळे पुसले. त्यांनी मला पुन्हा खाली घेतलं, बरोबर पंचशीलाबाई थांबवायच्या तिथे. खाली उतरले. उशी जागेवर ठेवून हातानं सारखी केली. मग गाडीच्या पुढून वळसा घालून गेले आणि डावीकडचं दार उघडून आत बसले.

"चल," ते म्हणाले. "माय वाट बगत असंल."

मित्रांनो, त्या दिवसापासून किल्ली पंचशीलाबाईंच्या पर्समध्ये असते. मी रोज दोन वेळा उन्हाशी झुंजतो आणि हरत नाही. तुम्ही मोठे व्हाल, गाड्या चालवाल. आमच्यातलं कुणी ढिलं पडलं तर लगेच ढिगाऱ्यावर फेकू नका. आधी शिवण उसवून आत बघा, पक्कड हातात घ्या, जमेल तेवढं जोडा. आम्ही पुठ्ठ्याचे असलो तरी फुकटचे नाही. आणि कधी एखाद्या बाईची गाडी रस्ता सोडून खाली गेलेली दिसली आणि तुमच्या तोंडात 'तरीच' हा शब्द आला, तर तो गिळा. मान खाली वाकवून तिच्या जागेवर बसा आणि तिथून रस्ता कसा दिसतो ते बघा.